दिल्लीतली एक खुर्ची आणि आपला कांदा

आज आपण इतिहासाबद्दल बोलणार आहोत, पण राजे-महाराजांच्या लढायांबद्दल नाही. आज बोलायचं आहे दिल्लीतल्या एका खुर्चीबद्दल. ही खुर्ची वाणिज्यमंत्र्यांची, म्हणजे देशाच्या व्यापारमंत्र्यांची.

तुम्ही म्हणाल, आपला आणि त्या खुर्चीचा काय संबंध? आमदार, पालकमंत्री, फार तर कृषिमंत्री इथपर्यंत आपली ओळख असते. पण 8 डिसेंबर 2023 चा दिवस आठवा. त्या दिवसापासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावला आणि आसपासच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले. तो आदेश कृषी खात्याने काढलेला नव्हता. तो काढला होता परकीय व्यापार महासंचालनालयाने, आणि ते कार्यालय येतं वाणिज्य मंत्रालयाच्या हाताखाली.

कांदा स्वस्त झाला की पिकवणारी रडते, महाग झाला की चिरणारी रडते. आणि आपल्या गावात या दोघी बहुतेक वेळा एकच बाई असते. म्हणून ही खुर्ची कुठून आली, तिच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

हे काम तसं फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘पण्याध्यक्ष’ नावाचा अधिकारी येतो. पण्य म्हणजे विकायचा माल. कोणत्या मालाला मागणी आहे, कशाचा भाव चढतोय, कशाचा उतरतोय, हे त्याने जाणून घ्यायचं. जकात गोळा करायला वेगळा अधिकारी, त्याचं नाव शुल्काध्यक्ष. पण्याध्यक्षाला तिथे एक सूचना दिली आहे, ती आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे. नफा कितीही मोठा असला तरी तो प्रजेला त्रास देणारा असेल, तर असा नफा सोडून द्यावा.

आता आपल्या कोकणात या. 1671 साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या अधिकाऱ्याला मिठाबद्दल पत्र लिहिलं. गोव्याकडचा बारदेश तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. तिथलं मीठ स्वस्त पडायचं, म्हणून व्यापारी तिकडेच वळायचे आणि संगमेश्वराकडचं आपलं मीठ पडून राहायचं. महाराजांनी सांगितलं, बारदेशच्या मिठावर जकात एवढी वाढवा की ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल. मग व्यापारी आपोआप इकडे येतील. मैत्रिणींनो, आज ज्याला आपण आयात शुल्क म्हणतो, ते हेच. तेव्हा वाणिज्यमंत्री नावाचं पद नव्हतं, पण आपला मिठागरवाला जगला पाहिजे हा विचार पक्का होता.

इंग्रजांच्या राज्यात हा विचार उलटा झाला. निर्णय इथल्या मालाचा, पण हित बघायचं तिथल्या गिरणीवाल्याचं. एकच उदाहरण देतो. सरकारी तिजोरीत खडखडाट झाला म्हणून 1894 साली इंग्रज सरकारने बाहेरून येणाऱ्या मालावर पुन्हा कर बसवला. तिकडे इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली, की आमचं कापड हिंदुस्थानात महाग पडेल. मग 1896 मध्ये काय केलं? परदेशी कापडावर साडेतीन टक्के कर ठेवला आणि मुंबईसारख्या ठिकाणी आपल्या गिरण्यांत निघणाऱ्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के कर बसवला. म्हणजे आपल्याच घरात आपल्या कापडाला सवलत नाही. हा कर जायला 1925-26 साल उजाडलं. तीस वर्षं मुंबईच्या गिरण्यांनी तो भरला.

व्यापारासाठी वेगळं खातं निघालं 1905 साली, लॉर्ड कर्झनच्या काळात. त्याचं नाव वाणिज्य आणि उद्योग खातं. व्हाइसरॉयच्या मंडळातला एक सभासद ते सांभाळायचा. गंमत बघा, त्याच 1905 साली बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची चळवळ पेटली आणि पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. सरकार व्यापाराचं खातं उघडत होतं, तेव्हा लोक कोणता माल घ्यायचा नाही ते रस्त्यावर ठरवत होते. त्या चळवळीत बायकाही होत्या, कारण घरात कोणतं कापड येणार हे त्याच ठरवू शकत होत्या.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हाच्या पहिल्या मंत्रिमंडळात वाणिज्य खातं मिळालं कुवरजी होरमसजी भाभा यांना. हे मुंबईचे पारशी गृहस्थ. त्यांच्यापुढचं काम सोपं नव्हतं. फाळणीने घरं तोडली हे आपण जाणतो, पण फाळणीने धंदेही तोडले. तागाच्या गिरण्या कोलकात्याला राहिल्या आणि तागाची शेतं गेली पूर्व पाकिस्तानात. सिंध आणि पश्चिम पंजाबचा चांगला कापूस पलीकडे गेला, आणि तो कापूस वापरणाऱ्या गिरण्या मुंबई-अहमदाबादला राहिल्या. भाभांनंतर क्षितीशचंद्र नियोगी वाणिज्यमंत्री झाले. सप्टेंबर 1949 मध्ये भारताने रुपयाची किंमत उतरवली, पाकिस्तानने उतरवली नाही, आणि दोन्ही देशांतला व्यापार जवळपास ठप्प झाला. कालपर्यंत एका देशात चालणारी देवघेव आता परदेशी व्यापार झाली होती.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. 30 ऑक्टोबर 1947 रोजी जिनिव्हात 23 देशांनी व्यापाराच्या करारावर सह्या केल्या. त्याला गॅट करार म्हणतात. आयातीवरचे कर कसे कमी करायचे याचा तो करार होता. त्या 23 देशांत आपला देश होता. स्वातंत्र्याला अजून तीन महिनेही झाले नव्हते.

पुढची चाळीसेक वर्षं परवान्यांची होती. देशाकडे डॉलर-पौंड थोडे, म्हणून बाहेरून काय आणायचं ते सरकार ठरवणार. 1947 च्या कायद्याने आयात-निर्यातीवर नियंत्रण आलं होतं. यंत्राचा एखादा भाग आणायचा तरी परवाना लागायचा, आणि त्या परवान्यांचं खातं वाणिज्यमंत्र्यांकडे. टी. टी. कृष्णम्माचारी, मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, असे मोठमोठे लोक या खुर्चीत बसले. शास्त्रीजी पंतप्रधान होण्याआधी 1958 ते 1961 वाणिज्य आणि उद्योग खात्याचे मंत्री होते, हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना नवं वाटेल.

या काळाबद्दल दोन्ही बाजू सांगायला हव्यात. परवान्यांमुळे देशातल्या उद्योगांना आडोसा मिळाला हे खरं. पण ज्याची दिल्लीला ओळख त्याला परवाना, आणि बाकीच्यांनी खेटे घालायचे, हेही खरं. त्यात छोट्या कारागिराची, बाईमाणसाची काय डाळ शिजणार?

तरी एक चांगली आठवण याच काळातली आहे. 1952 साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झालं आणि त्याच्या अध्यक्षा झाल्या कमलादेवी चट्टोपाध्याय. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेल्या या बाईंनी देशभर फिरून विणकर, कुंभार, भरतकाम करणाऱ्या बाया यांची कला शोधली, तिला बाजार मिळवून दिला. कारागिराच्या हातचा माल ही जुन्या काळातली शोभेची वस्तू नाही, तो आजच्या बाजारात विकला जाणारा माल आहे, हा विचार त्यांनी रुजवला. आज आपला गट सरसला किंवा एखाद्या प्रदर्शनाला स्टॉल लावतो, तेव्हा ती वाट कुणीतरी आधी चालून गेलेलं असतं.

1977 मध्ये या खुर्चीत आपल्याकडचा माणूस बसला, मोहन धारिया. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावचे, पुण्याचे खासदार. त्यांच्याकडे वाणिज्य तर होतंच, शिवाय नागरी पुरवठा आणि सहकार हीही खाती होती. म्हणजे माल बाहेर पाठवायचा विचार आणि रेशनवर माल पोचवायचा विचार एकाच टेबलावर. पुढे त्यांनी ‘वनराई’ संस्था काढली, त्या नावाने आपल्याला ते जास्त आठवतात. वनराई बंधारा तर आपल्या कित्येक गावांनी श्रमदानातून बांधला आहे.

मग आलं 1991. देशाच्या तिजोरीत परकीय चलन एवढं थोडं उरलं, की दोनेक आठवड्यांची आयात भागेल इतकंच. घरात अडचण आली की बाई गळ्यातलं गहाण टाकते. देशानेही तेच केलं. जुलै 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेने 47 टन सोनं मुंबईहून विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे पाठवलं आणि त्यावर कर्ज काढलं. रुपयाची किंमत उतरवली. अर्थमंत्री होते डॉ. मनमोहन सिंग, त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच आठवड्यात वाणिज्यमंत्री पी. चिदंबरम यांनी आयात-निर्यातीचे नियम बदलायला घेतले. पुढच्या वर्षी, 1992 मध्ये, नवा कायदा आला. जुन्या नियंत्रक कार्यालयाच्या जागी परकीय व्यापार महासंचालनालय आलं. नावातून ‘नियंत्रण’ गेलं, पण अधिकार राहिले. कोणता माल बाहेर जाऊ द्यायचा आणि कोणता थांबवायचा, हे सांगण्याचा अधिकार आजही तिथेच आहे. कांदाबंदीचा आदेश तिथूनच येतो, तो असा.

1995 च्या 1 जानेवारीला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. तिच्या स्थापनेच्या करारावर 1994 साली मोरोक्कोतल्या माराकेशला सह्या झाल्या, तेव्हा आपले वाणिज्यमंत्री होते प्रणव मुखर्जी. त्यानंतर या खुर्चीचं कामच बदललं. आधी मंत्री दिल्लीत बसून परवाने द्यायचे, आता परदेशात जाऊन वाटाघाटी करायला लागले.

आणि तिथे आपल्या ताटातला विषय येतो. 2001 मध्ये दोहाच्या परिषदेत मुरासोली मारन अडून बसले, परिषद एक दिवस लांबली. त्याच परिषदेत मान्य झालं की रोगराईच्या वेळी गरीब देशांना स्वस्त औषधं मिळण्यात पेटंटचे नियम आड येऊ नयेत. 2008 मध्ये जिनिव्हाला कमलनाथ यांच्या वेळी बोलणी मोडली. मुद्दा असा होता, की बाहेरचा शेतमाल अचानक भरमसाट आला तर आपल्या शेतकऱ्याला वाचवायला कर वाढवता यावा, आणि तो नेमका कधी वाढवता यावा. महाराजांच्या मिठाचाच प्रश्न, फक्त सव्वातीनशे वर्षांनंतर.

2014 ते 2017 या काळात वाणिज्य खातं स्वतंत्रपणे एका बाईच्या हाती होतं. त्या निर्मला सीतारामन, आत्ताच्या अर्थमंत्री. जुलै 2014 मध्ये जगातले बहुतेक देश एका नव्या व्यापार करारावर होकार द्या म्हणून मागे लागले होते. भारताने सांगितलं, आधी आमच्या रेशनच्या धान्याचा प्रश्न सोडवा. प्रश्न असा आहे, की सरकार हमीभावाने गहू-तांदूळ विकत घेतं आणि रेशनवर देतं. संघटनेच्या नियमात अशा मदतीला मर्यादा आहे, पिकाच्या एकूण किमतीच्या दहा टक्के. आणि ती मोजायची 1986 ते 1988 च्या भावाशी ताडून! सांगा, तेव्हाच्या भावाने आज कुणाचा संसार चालेल? भारत अडून राहिला. शेवटी नोव्हेंबर 2014 मध्ये ठरलं, की कायमचा तोडगा निघेपर्यंत अशा खरेदीवर कुणी तक्रार नेणार नाही. कायमचा तोडगा मात्र अजून निघालेला नाही. आपल्या रेशनकार्डाला जिनिव्हापर्यंत वाट आहे, ती अशी.

आता पुन्हा कांद्याकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथेच आहे.

29 सप्टेंबर 2019 ला कांद्याची निर्यात बंद झाली, मार्चमध्ये उघडली. 14 सप्टेंबर 2020 ला पुन्हा बंद, 1 जानेवारी 2021 ला उघडली. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला किमान 800 डॉलर भावाची अट, डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 40 टक्के शुल्क आणि 550 डॉलरची अट राहिली. सप्टेंबर 2024 मध्ये अट गेली आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं. ते पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला. साडेपाच वर्षांत एवढे वेळा दार उघडलं आणि मिटलं. परदेशातला गिऱ्हाईक तोवर थांबत नाही. तो दुसऱ्या देशाकडे जातो, आणि तिकडे एकदा घडी बसली की परत येईलच असं नाही.

दुसरी बाजूही आहे. शहरातल्या धुणंभांडी करणाऱ्या बाईला, आपल्याच गावातल्या भूमिहीन मजूर बाईला शंभर रुपये किलोचा कांदा कसा परवडणार? आणि सरकारलाही भीती असते. 1998 च्या दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत कांद्याचा भाव हा मोठा मुद्दा झाला होता. ती आठवण कुठलंच सरकार विसरत नाही, मग ते कुठल्याही पक्षाचं असो.

म्हणजे या खुर्चीत बसणाऱ्याला दोन तोंडांनी बोलावं लागतं. वाणिज्यमंत्री म्हणून म्हणायचं, निर्यात वाढवा. सरकारचा भाग म्हणून म्हणायचं, भाव वाढू देऊ नका. ऑक्टोबर 2020 ते जून 2024 या काळात तर मुंबईचे पीयूष गोयल यांच्याकडे वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार ही दोन्ही खाती एकाच वेळी होती. पिकवणारी आणि चिरणारी, दोघींची फाइल एकाच टेबलावर. आता ती खाती पुन्हा दोन वेगळ्या मंत्र्यांकडे आहेत.

त्यांच्या आधीचे वाणिज्यमंत्री सुरेश प्रभू, आपल्या कोकणातले. त्यांच्या काळात, डिसेंबर 2018 मध्ये, देशाचं पहिलं कृषी निर्यात धोरण आलं. त्यातली एक गोष्ट गटांनी वहीत लिहून ठेवावी. प्रक्रिया केलेल्या आणि सेंद्रिय शेतमालावर निर्यातबंदी लावली जाणार नाही, असं त्या धोरणात म्हटलं आहे. म्हणून आम्ही गटांना सांगत असतो, नुसता कांदा विकण्याबरोबर वाळवलेला कांदा, कांदा पावडर याकडेही बघा. सगळ्यांना जमेल असं नाही. यंत्र लागतं, वीज लागते, माल घेणारा लागतो. पण दार बंद झालं तरी खिडकी उघडी राहावी, एवढा तरी विचार करायला हवा.

शेवटी कामाच्या चार गोष्टी.

निवेदन योग्य ठिकाणी द्या. निर्यातबंदी आणि किमान निर्यात भाव हा वाणिज्य मंत्रालयाचा आदेश. निर्यात शुल्क लावणं-काढणं अर्थ मंत्रालयाचं काम. हमीभाव कृषी खात्याचा. बाजार समिती राज्य सरकारची. प्रत्येक वेळी तहसीलदारांना एकच कागद देऊन आपण घरी येतो आणि तो कागद कुठे जिरतो कळत नाही. प्रत पुढे योग्य मंत्रालयाला आणि आपल्या खासदारांना पाठवा. लोकसभेत वाणिज्यमंत्र्यांना प्रश्न विचारता येतो, तो खासदारच विचारू शकतात.

जानेवारी 2025 मध्ये परकीय व्यापार धोरणात एक दुरुस्ती झाली. धोरण बदलण्याआधी संबंधितांची मतं मागवावीत अशी तरतूद त्यात आली. तातडीच्या वेळी स्वतःहून निर्णय घेण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला आहे, पण मत मागवलं जाईल तेव्हा ते द्यायला आपण तयार असावं. व्यापाऱ्यांच्या संघटना मत पाठवतात, कारखानदार पाठवतात. ग्रामसंघाने का पाठवू नये?

माल परदेशी पाठवायचा तर आयात-निर्यात कोड लागतो. तो ऑनलाइन मिळतो, फी 500 रुपये आहे. परकीय व्यापार महासंचालनालयाची कार्यालयं आपल्याकडे मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत. शेतमालासाठी ‘अपेडा’ ही संस्था आहे, तीही याच मंत्रालयाची. पैठणी, कोल्हापुरी चप्पल, नाशिकची द्राक्षं यांना मिळालेलं भौगोलिक मानांकनही याच मंत्रालयाच्या नोंदणी कार्यालयातून मिळतं. तुमच्या भागातल्या मालाला ते असेल, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करून घ्या. मानांकन मालाला मिळतं, पण त्याचा फायदा नोंद असलेल्यालाच होतो.

मैत्रिणींनो, बारदेशच्या मिठापासून लासलगावच्या कांद्यापर्यंत प्रश्न एकच राहिला आहे. दार कधी उघडायचं, कधी लावायचं, आणि ते कुणाला विचारून? दार उघडणाऱ्याची नावं बदलली. पण पिकवणाऱ्या बाईला आधी विचारलं, असं या सगळ्या इतिहासात फार क्वचित दिसतं. ते आपोआप होणार नाही. त्यासाठी ती खुर्ची कुठे आहे, तिच्यावर कोण बसलं आहे आणि तिच्या हातात काय आहे, हे आपल्याला आधी माहीत हवं. गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाले, सह्या झाल्या, की पाच मिनिटं या विषयाला द्या. आणि तुमच्या गावाचा कांदा, द्राक्ष, हळद, जे काही असेल त्याबद्दल एक निवेदन स्वतःच्या अक्षरात लिहा.